छायाचित्रण कागदांच्या श्रेणी

कृष्णधवल छायाचित्रे छापण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या प्रकाशसंवेदी कागदांचे, त्यांवर उमटणाऱ्या छटाभेदाच्या तीव्रतेनुसार केलेले वर्गीकरण. छटाभेद म्हणजे छायाचित्रकारांच्या रोजच्या बोलण्यातील कॉन्ट्रास्ट. चित्रातील उजळ व काळोख्या भागांमध्ये आणि शेजारशेजारच्या छटांमध्ये दिसणारे अंतर. एकाच व्यस्त चित्रापासून, म्हणजे निगेटिव्हपासून, एका श्रेणीच्या कागदावर करड्या छटांचे सपाट व मवाळ चित्र मिळते, तर दुसऱ्या श्रेणीच्या कागदावर काळा आणि पांढरा यांच्यामध्ये फारसे काही उरत नाही. श्रेणी सामान्यतः 0 ते 5 या अंकांनी दर्शवितात. अंक जितका लहान तितका कागद मृदू व जितका मोठा तितका कठोर असतो. 2 ही श्रेणी मध्यम मानतात. काळोख्या खोलीत काम करणारे यांनाच सॉफ्ट, नॉर्मल व हार्ड पेपर म्हणत आले आहेत.

श्रेणींची गरज का पडते, हे छायाचित्रणाच्या क्रमावरून ध्यानात येते. फिल्म विकसित होऊन स्थिर झाली की व्यस्त चित्रातील सर्वांत विरळ व सर्वांत दाट भागांमधील अंतर कायमचे ठरून जाते. ढगाळ दिवशी घेतलेल्या चित्रात ते अंतर थोडे असते, भर उन्हात घेतलेल्या चित्रात पुष्कळ असते. फिल्मचे विकासन कमीअधिक झाल्यासही ते बदलते. एकाच फिल्मवर छत्तीस चित्रे असतील व ती छत्तीस प्रकारच्या प्रकाशात घेतली असतील, तर प्रत्येकासाठी फिल्मचे विकासन वेगळे ठेवणे शक्य नसते. हे अंतर कागदाच्या क्षमतेशी जुळवून घेण्याची शेवटची संधी छपाईच्या वेळी मिळते आणि तिचे मुख्य साधन म्हणजे योग्य श्रेणीच्या कागदाची निवड होय.

घनता व पल्ला : चित्रातील एखादा भाग किती काळा आहे हे घनता या राशीने मोजतात. त्या भागावर पडलेल्या प्रकाशाचा जेवढा अंश परत फिरतो, त्याच्या व्यस्ताचा दहा आधाराचा लॉगरिथम म्हणजे घनता. निम्मा प्रकाश परत फिरत असेल, तर घनता 0.3, दशांश फिरत असेल तर 1 आणि शतांश फिरत असेल तर 2 होते. व्यस्त चित्राच्या बाबतीत परत फिरणाऱ्या प्रकाशाऐवजी आरपार जाणारा प्रकाश विचारात घेतात. डोळ्याला जाणवणारे छटांमधील अंतर साध्या गुणोत्तरापेक्षा लॉगरिथमच्या मापाशी अधिक जवळून जुळते, म्हणून ही पद्धत रूढ झाली.

चकचकीत पृष्ठाच्या चांगल्या कागदावर मिळणारी कमाल घनता सुमारे 2 ते 2.2 असते, म्हणजे सर्वांत काळा भागही त्यावर पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा किंवा त्याहून किंचित लहान हिस्सा परत पाठवितो. निस्तेज पृष्ठाच्या कागदावर ही घनता 1.5 ते 1.7 इतकीच येते, कारण खडबडीत पृष्ठावरून विखुरलेला प्रकाश काळ्या भागावर झिरझिरीत पांढरा पडदा टाकतो. ओले असताना गडद व भरदार वाटणारे निस्तेज चित्र वाळल्यावर मलूल का दिसते, याचे कारण यातच आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कठोर कागद अधिक काळा व मृदू कागद कमी काळा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः एकाच प्रकारच्या कागदाच्या सर्व श्रेणींवर मिळणारा सर्वांत गडद काळा रंग जवळजवळ सारखाच असतो व पांढरा तर कागदाचा स्वतःचाच असतो. फरक असतो तो पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात. कागदावर पडणाऱ्या प्रकाशाच्या एकूण मात्रेला उद्भासन म्हणतात. मृदू कागदावर किंचित राखी छटा उमटविणाऱ्या उद्भासनाच्या चाळीस-साठ पट उद्भासन दिल्यावर पूर्ण काळा रंग मिळतो. अतिकठोर कागदावर तोच प्रवास अडीच पटीतच संपतो. जिना तेवढ्याच उंचीचा, पण एक लांब व सोपा आणि दुसरा उभा, असे हे आहे.

उद्भासनाचा लॉगरिथम आडव्या अक्षावर आणि घनता उभ्या अक्षावर घेऊन काढलेल्या आलेखाला कागदाचा वैशिष्ट्यदर्शक वक्र म्हणतात. ही पद्धत फर्डिनांट हुर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून रूढ झाली. वक्राचा खालचा भाग सावकाश वर चढतो; त्यात चित्रातील उजळ भागांच्या छटा येतात. मधला भाग जवळजवळ सरळ असून वरचा भाग पुन्हा वाकून आडवा होतो. त्यात छायाभाग येतात. मधल्या भागाचा चढ जितका तीव्र तितका कागद कठोर.

श्रेणीचे मापन : श्रेणीचा अंक हे खरे पाहता मोजमाप नसून नाव आहे. कागद तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपापल्या मालिकेला क्रमांक दिले. त्यामुळे एका संस्थेचा 2 क्रमांकाचा कागद दुसरीच्या 3 क्रमांकाच्या कागदाएवढा कठोर असल्याची उदाहरणे नेहमी आढळतात. शब्दांनी दिलेल्या नावांचा घोळ तर याहून मोठा होता. जर्मन वळणाच्या नामावलीत मृदू आणि नॉर्मल यांच्यामध्ये स्पेशल नावाची आणखी एक पायरी असे. त्यामुळे इतरत्र ज्याला नॉर्मल म्हणत त्याच्याशी मिळताजुळता कागद तेथे स्पेशल म्हणून विकला जाई आणि नॉर्मल असे छापलेला कागद प्रत्यक्षात किंचित कठोर असे. वापरात असलेला कागद बाजारातून नाहीसा झाला म्हणून दुसऱ्या संस्थेचा त्याच नावाचा कागद घेतलेल्या व्यावसायिकाची पहिली काही चित्रे बिघडत, ती यामुळेच.

या अडचणीवर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ 6846 या मानकात पल्ल्याचे माप ठरवून दिले आहे. कागदाच्या किमान घनतेपेक्षा 0.04 ने अधिक घनता देणारे उद्भासन हे एक टोक आणि कमाल घनतेच्या 90 टक्के घनता देणारे उद्भासन हे दुसरे टोक धरतात. या दोहोंच्या लॉगरिथममधील अंतरास 100 ने गुणून, जवळच्या दहाच्या पटीत मांडलेली संख्या म्हणजे कागदाचा आर-अंक होय. अंक मोठा असल्यास कागद मृदू व लहान असल्यास कठोर. म्हणजे श्रेणीच्या अंकाच्या अगदी उलट. नवशिक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

इल्फर्ड संस्थेच्या मल्टिग्रेड मालिकेतील चौथ्या पिढीच्या प्लॅस्टिकलेपित कागदासाठी दिले गेलेले आकडे उदाहरणादाखल पाहता येतील. 00 श्रेणीस आर 180, 0 श्रेणीस 160, 1 श्रेणीस 130, 2 श्रेणीस 110, 3 श्रेणीस 90, 4 श्रेणीस 60 व 5 श्रेणीस 40. गुणोत्तराच्या भाषेत आर 180 म्हणजे सुमारे 63 पट, आर 110 म्हणजे सुमारे साडेबारा पट, आर 60 म्हणजे चौपट आणि आर 40 म्हणजे अडीच पट उद्भासन. या आकड्यांतून एक गोष्ट दिसून येते : श्रेणींमधील पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत. 2 वरून 3 वर जाताना पल्ला 20 ने घटतो, तर 3 वरून 4 वर जाताना 30 ने. जुन्या अमेरिकन मानकात 2 श्रेणीसाठी 95 ते 115, 3 श्रेणीसाठी 80 ते 95 आणि 4 श्रेणीसाठी 65 ते 80 या मर्यादा दिलेल्या होत्या. त्या हिशोबाने वरील कागदाची 4 श्रेणी जुन्या 5 श्रेणीत मोडते. कागदांची तुलना करताना पाकिटावरील श्रेणीऐवजी आर-अंक पाहावा, तो याचसाठी.

रचना : कागदावरील प्रकाशसंवेदी थर म्हणजे जिलेटिनात विखुरलेल्या सिल्व्हर हॅलाइडांच्या सूक्ष्म स्फटिकांचे पायस होय. सिल्व्हर क्लोराइडाचे पायस मंद असून त्यावर व्यस्त चित्र थेट टेकवून स्पर्शमुद्रण करीत. सिल्व्हर ब्रोमाइडाचे पायस पुष्कळ वेगवान असल्याने विवर्धकाच्या मंद प्रकाशातही चालते. दोहोंच्या मिश्रणाने बनलेल्या क्लोरोब्रोमाइड कागदांवर किंचित तपकिरी, उबदार काळा रंग येतो व व्यक्तिचित्रांसाठी त्यांना विशेष मागणी असे. आपल्याकडे ब्रोमाइड पेपर हा शब्द या सर्वच कागदांसाठी सरसकट वापरला गेला. फोटोटाइपसेटिंगच्या काळात अक्षरजुळणीची प्रत ज्या अतिकठोर कागदावर निघे, त्यालाही छापखान्यांत ब्रोमाइडच म्हणत. तेथे अक्षर काळे आणि कागद पांढरा एवढेच हवे असल्याने मधल्या छटांचा प्रश्नच नव्हता.

श्रेणी मुख्यतः स्फटिकांच्या आकारमानांवर अवलंबून असते. सर्व स्फटिक जवळजवळ एकाच आकारमानाचे असतील, तर त्यांची संवेदनक्षमताही सारखी असते. प्रकाशाची मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की ते सर्व एकदमच विकसनक्षम होतात आणि कागद कठोर ठरतो. लहानमोठ्या स्फटिकांचे मिश्रण असल्यास मोठे आधी व लहान मागाहून, असे टप्प्याटप्प्याने होते आणि कागद मृदू ठरतो. याखेरीज स्फटिक बनत असताना ऱ्होडियमची लवणे अत्यल्प प्रमाणात मिसळून कठोरता वाढविता येते. कॅडमियमची लवणेही पूर्वी पायसात वापरीत. त्यांच्या विषारीपणामुळे हा प्रघात सोडून देण्यात आला. जुन्या कागदांच्या छटांची आठवण काढणारे छायाचित्रकार हळहळतात, पण कारखान्यांतील कामगारांचा आणि सांडपाण्याचा विचार करता हा बदल योग्यच होता.

आधाराच्या कागदाचा श्रेणीशी थेट संबंध नाही. जुन्या पद्धतीच्या तंतुमय आधारावर बेरियम सल्फेटाचा पांढरा थर देऊन त्यावर पायस पसरतात. 1970 च्या सुमारास प्रचारात आलेल्या कागदांत आधाराच्या दोन्ही बाजूंना पॉलिएथिलिनाचा लेप असतो. तो रसायने शोषून घेत नसल्याने धुण्याचा वेळ तासाभरावरून काही मिनिटांवर येतो.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचलित असलेल्या कागदांना श्रेणी नव्हत्या. लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी 1850 मध्ये पुढे आणलेल्या अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, व्यस्त चित्र ठेवून तो उन्हात धरीत व चित्र विकासकाशिवाय, प्रकाशानेच उमटे. या पद्धतीत एक स्वयंनियंत्रण असे. छायाभाग आधी काळे होत आणि तयार झालेली चांदीच खालच्या थरावर सावली धरून त्यांचे आणखी काळे होणे रोखून धरी. दरम्यान उजळ भागांतील छटा सावकाश उमटत राहत. त्यामुळे या कागदाचा पल्ला आजच्या कोणत्याही नेहमीच्या श्रेणीपेक्षा लांब असे आणि त्याला साजेशी दाट, भरघोस छटाभेदाची काचपट्ट्यांवरील व्यस्त चित्रे त्या काळचे छायाचित्रकार मुद्दाम तयार करीत.

याचा परिणाम अभिलेखागारांमध्ये आजही जाणवतो. मुंबईतही ज्यांचा स्टुडिओ होता त्या लाला दीनदयाळ (1844–1905) यांच्या अनेक काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. अशा काळातील काचपट्टी सामान्य श्रेणीच्या आधुनिक कागदावर छापली, तर आकाश व पांढरी वस्त्रे कोरी राहतात आणि वास्तूंच्या सावल्या डांबरासारख्या काळ्या होतात. ते चित्र पाहून मूळ छायाचित्रकाराची दृष्टीच भडक होती, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दोष चुकीच्या कागदाचा असतो. अशा पट्ट्यांसाठी उपलब्ध असेल तो सर्वांत मृदू कागद आणि तोही अपुरा पडल्यास पुढे सांगितलेला पूर्वोद्भासनाचा उपाय वापरावा लागतो.

विकासकाने चित्र उमटणारे कागद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. पुढे बेकेलाइटामुळे जगप्रसिद्ध झालेले लेओ बेकलंड यांनी तयार केलेला वेलॉक्स हा सिल्व्हर क्लोराइडाचा कागद गॅसच्या दिव्याच्या प्रकाशात छापता येई, म्हणून अशा कागदांना गॅसलाइट कागद म्हणत. त्याचे हक्क जॉर्ज ईस्टमन यांनी 1899 मध्ये विकत घेतले. विकासनाच्या कागदांत अल्ब्युमेनासारखे स्वयंनियंत्रण नसल्याने व्यस्त चित्र आणि कागद यांची सांगड घालण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर आली व वेगवेगळ्या श्रेणींचे कागद बनविणे कारखानदारांना भाग पडले.

भारतात असे कागद दीर्घकाळ आयात होत. हिंदुस्थान फोटो फिल्म्स या 1960 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेने उदकमंडलम् येथील कारखान्यात 1967 मध्ये उत्पादन सुरू केले. तेथील इंदू या नावाचा माल देशभरच्या स्टुडिओंतून वापरला गेला. हा कारखाना पुढे बंद पडला.

परिवर्ती श्रेणीचे कागद : श्रेणीनिहाय कागदांची मोठी अडचण म्हणजे प्रत्येक आकाराच्या व प्रत्येक पृष्ठप्रकाराच्या चार-पाच श्रेणींचा साठा ठेवावा लागे. लग्नसराईत 2 क्रमांकाची पाकिटे संपत आणि 1 व 4 क्रमांकांची कपाटात जुनी होत. एकाच कागदावर सर्व श्रेणी मिळवून देणारे कागद इंग्लंडमध्ये इल्फर्डने मल्टिग्रेड या नावाने आणि अमेरिकेत द्यू पाँ कंपनीने व्हॅरिगॅम या नावाने 1940 च्या सुमारास बाजारात आणले. आरंभीच्या अशा कागदांची कमाल घनता कमी असे व श्रेणींचा आवाकाही अपुरा असे. त्यामुळे चोखंदळ छायाचित्रकार कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूरच राहिले. तो आक्षेप आज खरा राहिलेला नाही.

या कागदांचे कार्य समजण्यासाठी सिल्व्हर हॅलाइडांचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. ती स्वभावतः निळ्या व जंबुपार प्रकाशालाच संवेदनक्षम असतात. हिरव्या प्रकाशाचा परिणाम व्हावा यासाठी पायसात विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळावी लागतात. आधुनिक परिवर्ती कागदात तीन पायसांचे मिश्रण असते. निळ्या प्रकाशासाठी तिघांची संवेदनक्षमता सारखीच असते. हिरव्या प्रकाशासाठीचे रंजक मात्र एकात भरपूर, दुसऱ्यात कमी व तिसऱ्यात अत्यल्प असते. निळ्या प्रकाशात तिन्ही पायसे एकदमच काळी होतात, म्हणून पल्ला आखूड होऊन चित्र कठोर येते. हिरव्या प्रकाशात भरपूर रंजकाचे पायस आधी, दुसरे त्यानंतर व तिसरे अखेरीस प्रतिसाद देते. तीन आखूड जिने एकापुढे एक जोडल्यासारखे होऊन पल्ला लांबतो व चित्र मृदू येते. येथे एकही पायस स्वतः मृदू नाही, मृदुता त्यांच्या मागेपुढे असण्यातून येते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्रकाशातील निळ्या व हिरव्या भागांचे प्रमाण बदलण्यासाठी विवर्धकात रंगीत गाळण्या, म्हणजे फिल्टर, बसवितात. पिवळी गाळणी निळा प्रकाश अडविते म्हणून चित्र मृदू होते. किरमिजी गाळणी हिरवा प्रकाश अडविते म्हणून ते कठोर होते. इल्फर्डच्या संचात 00 पासून 5 पर्यंत, अर्ध्या अर्ध्या श्रेणीच्या अंतराने बारा गाळण्या असतात. 00 ते 3½ या गाळण्यांना एकच उद्भासनकाल पुरतो; 4 ते 5 या गाळण्यांना तो दुप्पट करावा लागतो. गाळणी न लावता तंतुदिव्याच्या प्रकाशात साधारणपणे 2 श्रेणी मिळते. मात्र दिव्याचा रंग बदलला, की हे आकडेही सरकतात. नलिकादीप किंवा अर्धसंवाहक दिवे बसविलेल्या विवर्धकात ते नव्याने ठरवावे लागतात. हिरव्या प्रकाशालाही संवेदनक्षम असल्यामुळे या कागदांसाठी काळोख्या खोलीतील दिवाही फिकट तपकिरी किंवा तांबडा, खास शिफारस केलेलाच असावा लागतो. जुन्या ब्रोमाइड कागदासाठी चालणाऱ्या हिरवट-पिवळ्या दिव्याने चित्रावर राखी झाक चढण्याचा संभव असतो.

एकाच चित्रासाठी मृदू व कठोर अशा दोन टोकांच्या गाळण्यांनी एकापाठोपाठ एक उद्भासन देण्याची रीत पुष्कळ लोकप्रिय आहे. तिच्याविषयी अद्भुत दावे केले जातात. संपूर्ण कागदावर अशी दोन उद्भासने दिली, तर जे मिळते ते मधल्या एखाद्या गाळणीनेही मिळालेच असते. या रीतीचा खरा लाभ वेगळा आहे : चित्राच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी श्रेणी देता येते. ढगांवर कठोर गाळणीने आणि चेहऱ्यावर मृदू गाळणीने जादा प्रकाश देणे श्रेणीनिहाय कागदावर शक्यच नव्हते.

प्रत्यक्ष तुलना : दोन कागदांच्या श्रेणी घरच्या काळोख्या खोलीत ताडून पाहण्यासाठी घनतामापक लागतोच असे नाही. फिल्मवर तयार केलेली एकवीस पायऱ्यांची घनतापट्टी त्यासाठी पुरेशी असते. तिच्या प्रत्येक पायरीची घनता आधीच्या पायरीपेक्षा 0.15 ने अधिक असते. ही पट्टी कागदावर टेकवून, वर काच ठेवून विवर्धकाच्या प्रकाशात उद्भासन देतात व कागदाचे पूर्ण विकासन करून तो वाळवितात. नंतर पूर्ण काळ्या आणि कोऱ्या पांढऱ्या भागांच्या दरम्यान वेगळ्या ओळखता येणाऱ्या पायऱ्या मोजतात. सात पायऱ्या दिसल्या, तर पल्ला 1.05 म्हणजे आर-अंक सुमारे 105 व श्रेणी 2 च्या आसपास. नऊ पायऱ्या दिसल्या तर श्रेणी सुमारे 1 आणि चारच दिसल्या तर पल्ला 0.60, म्हणजे कागद चांगलाच कठोर. पट्टी ओली असताना मोजणी करू नये, तसेच दोन्ही कागदांचे पृष्ठ एकाच प्रकारचे असावे. चकचकीत व निस्तेज कागदांची तुलना फसवी ठरते.

तथापि, आर-अंक सारखा असला म्हणजे दोन कागद सारखे झाले, असे नाही. वैशिष्ट्यदर्शक वक्राची दोन्ही टोके तीच असूनही मधली वाट वेगळी असू शकते. एका कागदाच्या वक्राचा खालचा भाग लांबट असेल, तर उजळ छटा एकमेकींत मिसळून जातात व मध्यम छटा ठळक होतात. दुसऱ्याचा तो भाग आखूड असेल, तर पांढऱ्या कापडावरची विणही स्पष्ट दिसते. परिवर्ती कागदांत तीन पायसांचे सांधे नीट जुळले नसतील, तर मृदू श्रेणींच्या मध्यम छटांत वक्र सपाट पडतो आणि चेहरे मातकट दिसतात. घनतापट्टीबरोबरच एखादे परिचयाचे व्यस्त चित्र दोन्ही कागदांवर छापून पाहण्याचा जुन्या कारागिरांचा प्रघात शास्त्राला धरूनच आहे.

व्यस्त चित्राशी जुळणी : बाहेरील दृश्यातील सर्वांत उजळ व सर्वांत काळोख्या भागांच्या तेजस्वितांचे गुणोत्तर सरासरीने 160 धरतात, त्याचा लॉगरिथम 2.2 होतो. फिल्मचे नेहमीचे विकासन हा पल्ला जवळजवळ निम्मा करते, त्यामुळे व्यस्त चित्रातील घनतांचा पल्ला 1.1 च्या आसपास येतो. 2 श्रेणीचा आर-अंक 110 च्या जवळ असतो, तो योगायोगाने नव्हे.

विवर्धकाच्या जातीचाही यात वाटा आहे. व्यस्त चित्रातील चांदीचे कण प्रकाश केवळ शोषत नाहीत, तर विखुरतातही. संघनक भिंगांच्या विवर्धकात एकाच दिशेने येणारा प्रकाश दाट भागांतून अधिक विखुरला जाऊन भिंगाबाहेर पडतो, त्यामुळे ते भाग अधिकच दाट असल्यासारखे वागतात. पसरट प्रकाशाच्या विवर्धकात ही हानी जाणवत नाही. या घटनेला आंद्रे कालिए यांचे नाव देण्यात आले आहे. तिच्यामुळे एकच व्यस्त चित्र संघनक विवर्धकात पसरट प्रकाशाच्या तुलनेने सुमारे एका श्रेणीने कठोर छापले जाते.

निवड करताना उद्भासन उजळ भागांवरून व श्रेणी छायाभागांवरून ठरवावी, असा संकेत आहे. नवऱ्या मुलाचा काळा कोट आणि पांढरे धोतर असलेले छायाचित्र घेतल्यास प्रथम धोतराच्या चुण्या नुकत्या उमटतील एवढा उद्भासनकाल चाचणीपट्टीने शोधतात. त्या वेळी कोट करडा दिसत असेल, तर कठोर श्रेणी आणि कोटाची बटणेही काळ्यात बुडाली असतील, तर मृदू श्रेणी घ्यावी. चित्र फिकट आले म्हणून नुसताच वेळ वाढविला, तर कोट काळा होतो खरा, पण धोतर मळल्यासारखे दिसते. श्रेणी चुकल्याचे दुःख वेळेने भरून निघत नाही.

विकासकाने श्रेणी बदलण्यास मर्यादित वाव असतो. केवळ मेटॉल असलेला विकासक चित्र काहीसे मृदू करतो आणि हायड्रोक्विनोन व अल्कली यांचे प्रमाण वाढविल्यास ते कठोर होते. बीर्स यांच्या सूत्रात अशी दोन द्रावणे निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून मधल्या पायऱ्या मिळवितात. बदल मात्र एका श्रेणीच्या आतबाहेर राहतो. चित्र लवकर काळे होत आहे असे पाहून कागद विकासकातून घाईने बाहेर काढल्यास मृदुता मिळत नाही, काळ्याचा राखाडी होतो. अतिकठोर व्यस्त चित्रासाठी पूर्वोद्भासन अधिक उपयोगी पडते : मुख्य उद्भासनाच्या आधी कागदाला, राखी छटा उमटणार नाही इतपत, एकसारखा मंद प्रकाश देतात. कागद संवेदनाच्या उंबरठ्यावर येतो व उजळ भागांतील जो अल्प प्रकाश एरवी वाया गेला असता, तो छटा उमटवितो.

श्रेणीची निवड सर्वस्वी मापनाने ठरत नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अँसल ॲडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नान्डेझ या खेड्यावरील चंद्रोदयाचे 1941 मधील छायाचित्र. त्याच्या व्यस्त चित्रातील पुढचा भाग फार विरळ होता; 1948 मध्ये ॲडम्स यांनी तो रसायनाने दाट करून घेतला. चार दशकांत त्यांनी या एकाच व्यस्त चित्रापासून छापलेल्या प्रती पाहिल्यास आरंभीच्या प्रतींत फिकट व ढगाळ असलेले आकाश उत्तरोत्तर गडद होत जवळजवळ काळे झालेले दिसते.

सद्यःस्थिती : अंकीय छायाचित्रणाच्या प्रसारानंतर या कागदांचा व्यवसाय झपाट्याने आक्रसला. ईस्टमन कोडॅक कंपनीने कृष्णधवल कागदांचे उत्पादन थांबविल्याचे 2005 मध्ये जाहीर केले. सिल्व्हर क्लोराइडाचा ॲझो हा तिचा कागदही त्याबरोबर गेला. त्याच वर्षी जर्मनीतील आग्फाफोटो ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. इल्फर्ड कंपनीही 2004 मध्ये आर्थिक अडचणीत आली होती. तिचा इंग्लंडमधील मॉबर्ली येथील कृष्णधवल विभाग हारमन टेक्नॉलॉजी या नावाने टिकून राहिला. चेक प्रजासत्ताकातील ऱ्हादेत्स क्रालोवे येथील फोमा ही संस्थाही कागद बनविते. उत्पादन होते ते बहुतांशी परिवर्ती कागदांचे. त्यामुळे हौशी छायाचित्रकारांच्या हाती पडणारे श्रेणीनिहाय कागद पुष्कळदा जुन्या साठ्यातलेच असतात.

अशा जुन्या कागदांच्या पाकिटावरील श्रेणी विश्वसनीय नसते. वयानुसार व विशेषतः उष्ण आणि दमट हवेत कागदावर राखी झाक चढते, त्यामुळे पांढरा मळतो व कागद पूर्वीपेक्षा मृदू होतो. कठोर म्हणून घेतलेला कागद मध्यम निघतो. विकासकात बेंझोट्रायाझोल थोड्या प्रमाणात मिसळल्यास ही झाक कमी होते, पण कागद मंद होतो व उद्भासनकाल वाढवावा लागतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात पाकीट हवाबंद पिशवीत घालून शीतकपाटात ठेवावे व वापरण्यापूर्वी काही तास बाहेर काढून, कागद खोलीच्या तापमानास आल्यावरच उघडावे. थंड कागदावर हवेतील बाष्प जमल्यास पृष्ठावर डाग पडतात.